मदत हवी आहे : मराठीत ‘ओके’ कधीपासून?

नमस्कार मंडळी, ठाण्यात कचराळी तलावावरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर ‘ओके’वरून जुंपली आहे. एक काका ठासून सांगतात, युद्धात कुणी मेलं नाही की फळ्यावर ‘झिरो किल्ड’ लिहायचे, त्याचंच हे लघुरूप. व्हॉट्सॲपी इतिहास, दुसरं काय!

ॲलन वॉकर रीड या अमेरिकन भाषा-अभ्यासकांनी १९६० च्या दशकात या शब्दाचं मूळ शोधलं. मार्च १८३९ मध्ये ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात तो छापला गेला. ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून, ए च्या जागी ओ आणि सी च्या जागी के घालून. तेव्हा अशा विनोदी लघुरूपांची टूमच होती. पुढे अमेरिकेतल्या १८४० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या समर्थकांनी त्याच्या किंडरहूक गावावरून ‘ओल्ड किंडरहूक’चं लघुरूप म्हणून तेच उचललं. तो हरला, शब्द टिकला.

आता माझी अडचण. मराठीत हा कधी रुळला? वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या काळी कारखान्यात नोकरी केलेल्यांनी सांगावं, ‘माल ओके झाला’ तेव्हाही म्हणत होते का? जुन्या मासिकात, दिवाळी अंकात छापील ‘ओके’ दिसला असेल तर साल आणि पानाचा फोटो टाका. (‘हॉर्न ओके प्लीज’ कृपया नको, त्यावर वेगळं भांडू.)