सल्ला हवा: सॉल्ट लेकजवळच्या दऱ्यांत बोल्डरिंग (दोराशिवाय, ठेंगण्या शिळांवरची चढाई) कुठे करावं?

रानवारा:
सप्टेंबरअखेर अमेरिकेत युटाला, सॉल्ट लेक सिटीला जाणं होतंय. तीन दिवस मोकळे आहेत. वर्षभर चढाईच्या जिममध्ये चढतेय, व्ही३ जमतो (व्ही म्हणजे अवघडपणाची श्रेणी, आकडा मोठा तितकं अवघड), पण खऱ्या कातळाला अजून हात लावलेला नाही. लिट्ल कॉटनवुड, बिग कॉटनवुड, मेपल कॅन्यन, जोज् व्हॅली अशी नावं ऐकली. चारही होतील का? नवरा चढत नाही, पण पॅड (पडलं तर लागू नये म्हणून खाली अंथरायची गादी) उचलेन म्हणतोय. बघू.

घोरपड:
चारही नको, निम्मा वेळ गाडीतच जाईल. दोन दिवस लिट्ल कॉटनवुडलाच द्या. दरीत थोडं वर गेलं की गेट बट्रेस नावाचा कडा लागतो, त्याच्या पायथ्याच्या झाडीत शिळा पसरल्यात. १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या सॉल्ट लेक टेम्पलचा (शहरातलं मॉर्मन पंथाचं मंदिर) दगड याच दरीतला. तोंडाशी काही शिळांवर तेव्हा दगड फोडायला पाडलेल्या भोकांच्या रांगा अजून दिसतात, त्या जरूर बघा.

आणि व्ही३ विसरा. हा ग्रॅनाइट आहे, रंगीत पकडी नाहीत. माझी पहिली अख्खी सकाळ एका व्ही१च्या स्लॅबवर (कलत्या, गुळगुळीत कातळावर) गेली. हात कुठे ठेवायचे तेच कळेना, आणि पाय दर वेळी सुर्रकन खाली. शेवटी शेजारी चढणाऱ्या एका काकांनी सांगितलं, "टाच खाली सोड." सोडली, आणि बुटाचं रबर दगडाला धरून बसलं. चढण्याआधी बुटाचा तळ पुसायला विसरू नका, मातीचा एक कण पुरतो घसरायला.

चढायची बहुतेक जागा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारी दगड तापतो. सकाळी लवकर जा.

रानवारा:
टाचेचं लिहून ठेवलं! तिसऱ्या दिवशी काय?

कातळकोळी:
जोज् व्हॅली. लांब आहे, पण वालुकाश्म आहे, पकडी चांगल्या, जिमवाल्यांना घरच्यासारखं वाटतं. अट एकच: आदल्या एक-दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर जाऊ नका. ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि पकड तुटून हातात येते. तुम्ही पडाल ते वेगळं, पण ती चढाईच कायमची बदलते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते.

मेपलला सिमेंटमध्ये गोटे बसवल्यासारखा कातळ आहे, भारी मजा, पण ते मुख्यतः दोराचं काम. बिग कॉटनवुडच्या क्वार्ट्झाइटचंही तेच. बिले करणारं (खालून दोर सांभाळणारं) कोणी नसेल तर दोन्ही सोडा.

घोरपड:
+१. एक राहिलं. जिममध्ये वरची पकड धरली की झालं, इथे शिळेच्या माथ्यावर चढावं लागतं आणि मग उतरावंही लागतं. चढण्याआधी शिळेला फेरी मारून उतरायची वाट बघा. मी एकदा वर बसून अर्धा तास विचार केलाय.

नवऱ्याला सांगा, पडणाऱ्याला झेलायचं नसतं. हात वर, अंगठे बोटांना चिकटवून, कंबरेशी आधार देऊन पॅडकडे वळवायचं. डोकं पॅडबाहेर आपटलं नाही म्हणजे झालं.

कातळकोळी:
कुत्रा नेणार नाही ना? दोन्ही कॉटनवुड दऱ्यांतून शहराला पिण्याचं पाणी जातं, गाडीतसुद्धा चालत नाही.

रानवारा:
कुत्रा नाही, नवराच आहे. त्याला अंगठ्यांचं वाचून दाखवलं, आता घरभर हात वर करून फिरतोय.