मदत हवी आहे: आईला घेऊन सप्तशृंगी गडावर जायचंय

नमस्कार मंडळी. आई 74 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण मरायच्या आधी एकदा वणीच्या देवीची ओटी भरायची म्हणते. माझी आजी खानदेशातून चैत्रात पायी गडावर जायची. देवीची मान एका बाजूला का कललीय, तर समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत बसलेत आणि देवी ते कान देऊन ऐकतेय, ही गोष्ट सांगताना आजी स्वतःही मान तशीच कलती करायची. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी लहानपणी गेलो तेव्हा शेंदरात मढलेली मूर्ती पाहिली होती. 2022 मध्ये शेंदराचा थर काढल्यावर अठरा हातांचं मूळ रूप दिसलं, ते अजून पाहिलेलं नाही.

पाचशेच्या आसपास पायऱ्या आईला जमणार नाहीत, ट्रॉलीनेच जाऊ. पण वर उतरल्यावर गाभाऱ्यापर्यंत किती चढावं लागतं? गर्दी कमी असणारा वार कोणता? देवीला 11 वारी साडी नेसवायची आहे, ती आधी कुठे द्यायची?

आणि मुख्य म्हणजे, पायऱ्यांपाशी पुजलं जाणारं महिषासुराचं शिर, मार्कंडेयाचा डोंगर, शिखरावरचं निशाण यांच्या कथा नीट सांगणारं कुणी जाणतं माणूस गडावर भेटतं का? तुमच्या घरात वेगळी कथा सांगत असतील तर तीही लिहा. आईला वाचून दाखवेन.