गहू ‘माणसाळला’ असं म्हणावं का?

कागदीघोडा: एका लेखाचा अनुवाद करतोय. ‘सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू माणसाळवला गेला’ असं लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, ‘गहू म्हणजे काय कुत्रा आहे?’ आणि ‘लागवडीखाली आणला’ असं करून दिलं. मला ते पटत नाहीये, पण दुसरा शब्दही सुचेना.

कोशकीटक: संपादकांचं बरोबर आहे. माणसाळणं म्हणजे भीड चेपणं. गव्हाला कसली भीड?

बीजबुद्धी: पण लागवड वेगळी हो! रानटी गव्हाचं कणीस पिकलं की आपोआप मोडतं आणि दाणे जमिनीवर सांडतात. क्वचित एखाद्या रोपाचं मोडत नाही. रानात हा दोषच, पण कापणाऱ्याच्या हाती तीच रोपं जास्त लागली आणि पुढच्या पेरणीत तीच गेली. सगळं शेत तसं व्हायला हजारभर वर्षं तरी लागली. तोवर लागवड चालूच होती, गहू मात्र रानटीच! मक्याची तर कमाल आहे. त्याचा रानटी पूर्वज म्हणजे मेक्सिकोतलं टिओसिंटे गवत; त्याच्या एका कणसाला जेमतेम 5 ते 12 दाणे, तेही दगडासारख्या कवचात. आजचा मका माणसाने सोलून पेरल्याशिवाय धड उगवायचा नाही. याला माणसाळणं नाही तर काय म्हणायचं?

जुनीवही: मग ‘माणसाळला’ म्हणा, ‘माणसाळवला’ नको. प्रयोजक रूपात हेतू येतो, आणि इथे कुणी ठरवून काही केलेलं दिसत नाही.

कोशकीटक: आपल्याकडे अस्सल शब्द असताना ही ओढाताण का? तैत्तिरीय संहितेत सात ग्राम्य आणि सात आरण्य ओषधी, म्हणजे गावातल्या आणि रानातल्या वनस्पती, आहेत. सरळ ‘ग्राम्यीकरण’ म्हणा.

जुनीवही: ‘गव्हाचं ग्राम्यीकरण’ वाचून लोकांना वाटेल गहू शिव्या द्यायला लागला.

कोशकीटक: अर्थ घसरला म्हणून शब्द टाकायचा? आणि बीजबुद्धी, गव्हाचं ‘कणीस’ नसतं. कणीस मक्याचं. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी.

बीजबुद्धी: माझी आजी गव्हालाही लोंबीच म्हणायची.

कोशकीटक: आजी चुकत होती. लोंबते ती लोंबी. गव्हाची ताठ असते.

बीजबुद्धी: पिकल्यावर तीही मान टाकते. शेतात जाऊन बघा कधीतरी.