स्वस्त एफपीजीए: गोविन घ्यावी का?

प्रश्न: महाविद्यालयीन प्रकल्पात छोटा रिस्क-व्ही (मुक्त, विनापरवाना वापरता येणारा सूचना-संच) प्रोसेसर बसवून एचडीएमआयवर चित्र दाखवायचे आहे. झायलिंक्स कंपनीचे एफपीजीए (आतले सर्किट हवे तसे पुन्हा रचता येणारी चिप) बोर्ड खिशाला परवडत नाहीत. गोविन या चिनी कंपनीच्या चिपवर विसंबावे का?

पहिले उत्तर: जरूर. टँग नॅनो ९के बोर्डावरील गोविन चिपमध्ये ८,६४० एलयूटी (लॉजिकचे छोटे घटक), फ्लॅश (वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी) आणि ६४ मेगाबिट पीएसरॅम (कामापुरती मेमरी) आतच असल्याने बाहेरची मेमरी जोडावी लागत नाही. बोर्डावरील बटणे मात्र १.८ व्होल्टच्या बँकेवर (एकाच व्होल्टेजवर चालणाऱ्या पिनांच्या गटावर) आहेत. कन्स्ट्रेंट फाइलमध्ये (कोणती पिन कशी वापरायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) तसेच नोंदवा.

दुसरे उत्तर: लॅटिस या दुसऱ्या कंपनीच्या आइस४० एफपीजीए मालिकेची कागदपत्रे अधिक नेटकी आहेत, हे खरे, परंतु एचडीएमआयला लागणारा १०:१ सिरिअलायझर (दहा समांतर बिट एकामागोमाग एकाच तारेवर पाठवणारा भाग) तिच्यात नाही, गोविनमध्ये आहे.

तिसरे उत्तर: गोविनचे चिप प्रोग्रॅम करण्याचे सॉफ्टवेअर रुचले नाही, तर त्याऐवजी यॉसिस, नेक्स्टपीएनआर आणि अपिक्युला हा मुक्त सॉफ्टवेअरचा संच वापरता येतो.