अनुभव धागा: पोरांच्या कमरेला पेडोमीटर लावला, मग काय झालं?

आठवीच्या वर्गाला आम्ही पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजणारं छोटं यंत्र, दिलेत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. पीटीच्या तासात ती पुरी होत नाही, उरलेली गल्लीत आणि मैदानावरच व्हायची. तुमच्या घरी काय घडलं, मोकळेपणानं लिहा.
– पीटी शिक्षक

आई, शिवाजी पेठ: आधी क्लासला गाडीवरून सोडावं लागायचं, आता चालत जातो. "आई, दुकानातनं आणि काय आणायचंय?" हे स्वतःहून विचारतोय. जेवण झाल्यावर आजोबांबरोबर रंकाळा तलावावर जातो. आजोबांचं फिरणं बंद पडत आलं होतं, ते सुरू झालं, याचाच मला जास्त आनंद आहे.

विद्यार्थी: मी तालमीत जातो. जोर मारताना पावलं पडत नाहीत आणि लढताना कमरेला यंत्र ठेवता येत नाही. घामानं निथळून घरी यायचो, तरी वर्गात माझा आकडा सगळ्यात कमी. लई वाईट वाटायचं. सरांना सांगितलं. त्यांनी वहीत वेगळा रकाना आखून दिला: तालीम, सायकल, पोहणं, सगळं मिनिटांत लिहायचं. सायकलवाल्या पोरांचंही तेच दुखणं होतं.

वडील: आमचा टीव्हीसमोर बसून यंत्र हलवत बसतो. काय करावं?

पीटी शिक्षक: यंत्र हिसके मोजतं, पाय नाही. म्हणून पहिल्या नंबराचं बक्षीस ठेवलेलंच नाही. मागच्या आठवड्यापेक्षा आपला आकडा वाढला का, एवढंच त्याला बघू द्या. आणि रोज १०,००० पावलांचा हट्ट नको. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावामुळं रूढ झाला, मुलांसाठी कुणी ठरवलेला नाही.

मुलीची आई: मला वेगळंच सांगायचंय. लेकीचा आकडा भरपूर यायचा, सगळे कौतुक करायचे. मी वेळ बघून लिहून काढलं, तर निम्म्याहून जास्त पावलं स्वयंपाकघर ते मोरी आणि जिना. पाणी भरणं, भांडी, धाकट्याच्या मागं पळणं. धाकटा तेवढ्यात मैदानावर. घरात बोलले. आता संध्याकाळी भांडी धाकटा आणि त्याचे बाबा करतात, ती खो-खोला जाते. मुलींची वही तपासताना पावलं कुठली, हेही विचारा सर.

पीटी शिक्षक: ताई, पुढच्या आठवड्यापासून तो रकाना घालतो.

विद्यार्थिनी: जोतिबाला पायी गेलो, त्या दिवशीचा आकडा वर्गात अजून कुणी मोडला नाही!

आजोबा: जुलैच्या पावसात काय करायचं?

पीटी शिक्षक: जिना आणि दोरीउड्या, आजोबा. पाऊस थांबला की रंकाळा आहेच. यंत्र तेवढं भिजू देऊ नका. सेल संपला तर घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं मिळतो, जुना सोबत न्या.