मेणवलीचा वाडा आणि जरा पायी भटकंती : आईला घेऊन जायचंय, सल्ला हवा

रेवा_पुणे
नमस्कार मंडळी. श्रावणात एका रविवारी आई (वय ७१, गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांच्या लेकाला घेऊन नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा बघायचाय. स्वारगेटहून वाईची एसटी, पुढे रिक्षा. तिघांचं मिळून बाराशेत बसवायचंय. वाडा बघून झाल्यावर पायी कुठे फिरता येईल? गाडी नाही, मुक्काम नको.

भटका_सह्याद्री
पांडवगड! मेणवलीतूनच वाट आहे. वरून धोम धरणाचं पाणी काय दिसतं! दहा वर्षांचं पोर आरामात चढेल, माझी मुलगी सातव्या वर्षी चढली.

गिरिजा
भटका, आई ७१ वर्षांच्या आहेत हो. त्यांना पायथ्याशी बसवून ठेवायचं का?

भटका_सह्याद्री
मी लेकाबद्दल बोलतोय. आणि पांडवगड काही अवघड नाही.

सह्याजीराव
वाईपर्यंत जाताच आहात तर पसरणी घाट चढून पाचगणीला एक रात्र काढा. चार-पाच हजारांत झकास खोली मिळते, आम्ही दरवर्षी जातो. एका दिवसात पळापळ करून आईंचे हाल कशाला?

कृष्णाकाठ
ताई, मी वाईचाच. वाडा खासगी मालकीचा आहे आणि तिथे शूटिंगही चालतात, त्यामुळे आधी चौकशी करून मगच निघा. वाडा सहा चौकांचा आहे. उंबरे उंच, वर जायचे जिने अरुंद आणि अंधारे. आईंना खालीच चौकात बसवा, तुम्ही दोघं वर जाऊन या. मागच्या बाजूला कृष्णेचा घाट आहे, अर्धचंद्राकृती. मेणेश्वर आणि विष्णूचं देऊळ तिथेच. खरी मजा घाटावरच आहे, वाड्यापेक्षा जास्त वेळ तिथे ठेवा.
पायी म्हणाल तर मेणवली ते वाई तीनेक किलोमीटर, सपाट रस्ता. शेवटी ढोल्या गणपती. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जावं म्हणून. लेकाला मागे नेऊन ती नक्की दाखवा, बरेच जण समोरून हात जोडून परत फिरतात.
फक्त श्रावणात नको. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धोममधून पाणी सोडलं की पायऱ्याच बुडतात. दिवाळीनंतर या.

बखरवाचक
घाटावरची घंटा चुकवू नका. नानांनी वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. जवळून बघितलीत तर मेरी आणि बाळ येशू दिसतात, खाली १७०७ साल.

इतिहासवेडी
नानांनी आणली कशी? वसई पडली १७३९ ला, नानांचा जन्म १७४२ चा. चिमाजीअप्पांच्या त्या मोहिमेत मराठ्यांना मिळालेल्या घंटांपैकी ती एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशा घंटा आहेत.

बखरवाचक
मेणवलीत बसवली ती नानांच्याच काळात. मला तेच म्हणायचं होतं.

इतिहासवेडी
मग 'आणली' लिहू नये. बाकी रेवा, इतिहासकार ज्याला मेणवली दफ्तर म्हणतात ते नानांचे कागद याच वाड्यातले. लेकाला जाण्याआधी बारभाईंची (नानांसह पेशवाईतल्या कारभाऱ्यांच्या गटाची) गोष्ट सांगा, मग वाडा बोलायला लागतो.

संदीप_क
आधी चौकशी करून जा. एका वाड्याच्या दारातून शूटिंगमुळे परत आलोय, सोबत म्हातारे वडील होते. फार वाईट वाटलं. आणि एसटीपेक्षा गाडी करा, सहा हजारांत दिवसभर.

गिरिजा
बाराशे लिहिलेत त्यांनी!

सह्याजीराव
धोमलाही नृसिंहाचं देऊळ सुंदर आहे. कासवावर नंदी, भोवती कमळाच्या आकाराचं कुंड. पण त्याला गाडीच हवी, म्हणून म्हणतोय मुक्काम करा.

कृष्णाकाठ
कुंडात पाणी भरलं की नंदी तरंगल्यासारखा वाटतो, हे खरं. पण एका दिवसात मेणवली, वाई आणि धोम करू नका, आई दमतील.

रेवा_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. धोम आणि पांडवगड पुढच्या वेळी. कृष्णाकाठदादा, तुमचं सगळं ऐकणार, फक्त दिवाळीपर्यंत थांबणार नाही. आईला कृष्णा भरलेलीच बघायचीय, तिचं माहेर नदीकाठचं. घाटावर वरच्या पायरीवर बसू, खाली कोणी उतरणार नाही. वाईला परतताना तिच्यासाठी रिक्षा करणार होते, तर म्हणते मी पण बसत बसत चालेन. बघू.

कृष्णाकाठ
मग लेकाचा हात सोडू नका. निघायच्या आदल्या दिवशी धोमचा विसर्ग किती आहे ते बातम्यांत बघा. आणि रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, आई मध्येच थांबल्या तर बोलावता येईल.