फिनिक्स (ॲरिझोना): बाबांबरोबर पहाटे डोंगर, बूट आणि वाट सुचवा

गोगलगाय:
आई-बाबा सांगलीहून आलेत, मे अखेरपर्यंत आहेत. बाबा ६६, रोज कृष्णाकाठी तासभर चालणारे, गुडघे ठीक, बीपीची गोळी चालू. आमच्या बाल्कनीतून कॅमलबॅक, म्हणजे उंटाच्या पाठीसारखा डोंगर, दिसतो, तेव्हापासून 'त्या उंटावर जायचं' एवढंच चाललंय. वरून सूर्योदय बघायचाय म्हणे. तर पहाटे कोणती वाट बरी? आणि बाबांसाठी बूट, ६० डॉलरच्या आत. सध्या कॅनव्हासचे पांढरे आहेत, तीन वर्षं वापरलेले.

भटका_सह्याद्री:
बुटात काटकसर नको. मी १७० चे घेतले. घोट्यापर्यंत, गोअरटेक्स, म्हणजे पाणी आत न शिरणारं कापड. चार वर्षं झाली, अजून नवेकोरे आहेत. ६० मध्ये लेस येतील.

टेम्पीकर:
वर्षाला सात इंच पाऊस पडतो तिथे गोअरटेक्स? पाय शिजतात आत. आणि चार वर्षांत नवेकोरे राहिले, यातच काय ते आलं.

सांडगी_मिरची:
ताई, कॅमलबॅकला चोया नावाची वाट आहे. ज्या निवडुंगाचं ते नाव, त्याचा प्रसाद मी घेतलाय. तोल गेला म्हणून हात टेकला, तर काट्यांचा गोळाच तळहाताला चिकटला. सोडवायला दुसरा हात लावला, तोही अडकला. हसू नका. मागून येणाऱ्या एका आजींनी पिशवीतून कंगवा काढला, गोळ्याखाली सरकवला आणि असा झटका दिला की शेजारच्या माणसाने उडी मारली. उरलेले काटे घरी, चिमट्याने, दीड तास. नवरा वाचायचा चष्मा लावून. कंगवा न्याच. बुटांचं मला कळत नाही.

मस्कतवाली_काकू:
आम्ही मस्कतला पहाटे चारला निघतो. पाण्याच्या बाटल्या आदल्या रात्री अर्ध्या भरून आडव्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, निघताना वर साधं पाणी. इलेक्ट्रल भारतातूनच आणतो. बीपी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खडकवासलेकर:
कॅमलबॅक २७०४ फूट, म्हणजे ८२४ मीटर. आपली कळसूबाई १६४६. एवढ्याशा टेकडीचा केवढा तो बाऊ! आम्ही आतकरवाडीतून दर रविवारी सिंहगड करतो.

टेम्पीकर:
समुद्रसपाटीपासूनचे आकडे काय कामाचे? कॅमलबॅकच्या एको कॅन्यन वाटेने सव्वा मैलात १२०० फुटांहून जास्त चढ आहे. मध्ये रेलिंग धरून चढायचं, पुढे दगडांवरून हाता-पायांनी. सावली नाही. आणि सिंहगडावर ताक तरी मिळतं.

खडकवासलेकर:
ताकाचं काय घेऊन बसलात? मडक्यातलं दही.

मस्कतवाली_काकू:
ते दहीही आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

काटेसावर:
मुळात कॅमलबॅक उघडतोच सूर्योदयाला, त्यामुळे नियमाने वरून सूर्योदय दिसणं शक्य नाही. सध्या ५:२५ च्या सुमारास उजाडतंय. त्यापेक्षा फिनिक्समधलंच साउथ माउंटन हे डोंगरी उद्यान बघा, त्याचं फाटक पाचला उघडतं. तिथून गाडीने थेट डॉबिन्स लुकआउट, २३३० फूट. १९३० च्या दशकातला दगडी निवारा आहे, बाबा आरामात बसतील, सगळं शहर खाली. मग हवं तर होल्बर्ट वाटेने थोडं उतरून परत या, त्या वाटेवर इथल्या प्राचीन होहोकाम लोकांनी खडकांवर कोरलेली चित्रं आहेत. काही रविवारी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, आधी बघून घ्या. अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी कॅमलबॅक आणि इथलंच पिएस्टवा शिखर संध्याकाळी ५ पर्यंत बंद ठेवतात, २०२१ पासून. पाणी माणशी दोन लिटर, आणि निम्मं संपलं की जिथे असाल तिथून मागे.
बूट ६० मध्ये मिळतात, गेल्या सीझनचे ट्रेल रनिंगचे बघा. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी होतात.

निवांत:
५:२५ मध्ये डेलाइट सेव्हिंग धरलंय का?

टेम्पीकर:
ॲरिझोनात घड्याळ बदलत नाही.

निवांत:
ॲरिझोनातच नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश आहे, नावाहो नेशन, तिथे बदलतं.

डिकीतला_माणूस:
बूट कुठलेही घ्या, गाडीत ठेवू नका. माझे उन्हाळाभर डिकीत होते. पिएस्टवा उतरताना दोन्ही तळवे सुटून लोंबायला लागले. बायकोच्या ओढणीचे दोन तुकडे करून बांधले आणि उतरलो. तो विषय घरात अजून चालू आहे. बाकी काटेसावर यांना +१, पाणी न्या.

भटका_सह्याद्री:
१७० वाले सेलमध्ये १४९ ला आलेत. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीय.

सांडगी_मिरची:
आणि कंगवा मोठ्या दातांचा.

गोगलगाय:
सर्वांचे आभार. वृत्तांत देते. बूट ४५ ला मिळाले. बाबांनी घालून पाहिले, 'पाय दुसऱ्याचे वाटतात' म्हणाले आणि काढून ठेवले. आईला दोन मोजे घालून नीट बसले. डॉबिन्सचं सुचवलं तर 'गाडीने जायचं तर बाल्कनी काय वाईट आहे?' शेवटी शनिवारी कॅमलबॅकच. पार्किंगला पाऊण तास रांग, सूर्य रांगेतच उगवला. बाबा पांढऱ्या कॅनव्हासमध्ये रेलिंगपर्यंत गेले आणि दगडावर बसले. समोर प्रेइंग मंक नावाचा सुळका आहे, गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या माणसासारखा. 'तो उठला की मीही उठतो' म्हणाले. आई पुढे गेली. चाळीस मिनिटांनी परत आली ती घामाने चिंब, ओळख नसलेल्या दोन बायकांशी गप्पा मारत. कंगवा लागला नाही.
आता दोघं ग्रँड कॅन्यनमध्ये खाली उतरायचं म्हणतायत. वेगळा धागा काढते.

भटका_सह्याद्री:
त्याला मात्र १७० वालेच.